गाडीचे एकच चाक गरम का होते?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणची मुरवण्यापासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. पण गाडीच्या ब्रेकवर बोलायला कोणी उभे राहिल्याचे मला स्मरत नाही. फलकावर विषय वाचून दोघीतिघींनी मला जिन्यातच गाठले आणि विचारले, "अहो, हे आमच्या काय कामाचे?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु मुलांना शाळेत सोडणे, सासूबाईंना दवाखान्यात नेणे, दिवाळीत फराळाचे डबे पोहोचवणे ही कामे आपल्यापैकी कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवून करतात. गाडी बंद पडली तर फार तर खोळंबा होतो, रिक्षा करून घरी येता येते. ती थांबली नाही तर काय होते, ते सांगायला नको.

मी सगळ्या ब्रेकशास्त्रावर बोलणार नाही. एकाच दुखण्याविषयी बोलणार आहे. मिस्त्री लोक त्याला 'कॅलिपर जाम झाला' असे म्हणतात. हे दुखणे एका दिवसात येत नाही. ते महिनोन्‌महिने आधी खुणा देत असते, आणि त्या खुणा ओळखायला हत्यारे लागत नाहीत. नाक, कान आणि हात पुरतात. वेळीच ओळखले तर त्यातले निम्मे काम घरच्या अंगणात होण्यासारखे आहे. उरलेले निम्मे होण्यासारखे नाही, आणि ती रेघ कुठे ओढायची हेही मला आज सांगायचे आहे.

या समोरच्या ताटात मी भंगारातून आणलेला एक कॅलिपर धुऊन पुसून ठेवला आहे. बऱ्याचशा लहान गाड्यांत पुढच्या दोन चाकांना डिस्कचे ब्रेक असतात आणि मागच्यांना ड्रमचे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. कॅलिपर म्हणजे त्या थाळीची कड धरणारी सांडशी. सांडशीच्या दोन्ही जबड्यांत थाळीला घासण्यासाठी एकेक जाड पट्टी बसवलेली असते, तिला पॅड म्हणतात. आतल्या बाजूच्या पॅडमागे हा पोलादी पेला दिसतो आहे ना, तो दट्ट्या. चकलीच्या सोऱ्यात असतो तसाच. आपण पायाने ब्रेक दाबला की नळीतून ब्रेक ऑइलचा दाब या दट्ट्यावर येतो, दट्ट्या पुढे सरकतो आणि आतला पॅड थाळीवर जाऊन टेकतो.

आता चलाख मुलीने लगेच विचारावे की, दट्ट्या एकाच बाजूला आहे, मग बाहेरचा पॅड कोण दाबतो? त्याचे उत्तर या दोन पिनांत आहे. सबंध कॅलिपर या पिनांवर मागेपुढे सरकता बसवलेला असतो. आतला पॅड थाळीवर टेकला की दट्ट्याला पुढे जायला जागा उरत नाही, म्हणून तोच दाब कॅलिपरचे अंग उलट दिशेला ओढतो आणि बाहेरचा पॅडही थाळीला येऊन भिडतो. म्हणजे ही सांडशी धड धरायची, तर पिना गुळगुळीत आणि वंगण लावलेल्या हव्यात.

आणि पाय उचलल्यावर दट्ट्या मागे कसा येतो? मला स्वतःला या यंत्रातली हीच गोष्ट सर्वांत गोड वाटते. तिथे स्प्रिंग नसते. दट्ट्याभोवती चौकोनी कडेची एक रबरी चकती असते. दट्ट्या पुढे जाताना ती त्याला धरून जराशी पिळली जाते, आणि दाब गेला की आपल्या मूळ आकारावर येताना दट्ट्याला केसभर मागे खेचते. तेवढ्या केसभर फटीवर चाक मोकळे फिरते. त्या केसभर जागेत गंज आला, चिखल आला, की दुखणे सुरू.

डिस्कची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. पण लोकांचे लक्ष तिच्याकडे वळले ते १९५३ साली, जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेक लावून फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. असो, इतिहासात शिरले तर वेळ पुरायचा नाही. मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी घेऊन गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. आजच्या ब्रेक पॅडचा पूर्वज तो कातड्याचा तुकडा. तेव्हा ब्रेकची दुरुस्ती हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हटले तर त्याला ही गोष्ट ऐकवावी. माहेरची ओढ काय काय करून घेते पाहा!

आता खुणा. पहिली खूण म्हणजे गाडी सपाट रस्त्यावर एका बाजूला ओढते. ब्रेक न दाबताच ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक चिकटून बसला असण्याचा संभव आहे. दुसरी, सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलली तर गाडी पूर्वीसारखी सहज सरकत नाही. पेट्रोल जास्त लागते. एका चाकाच्या रिमवर काळी भुकटी इतरांपेक्षा दाट बसते. आणि वास! उतू गेलेले दूध जळल्याचा वास जसा आपल्याला दुसऱ्या खोलीत कळतो, तसा हा वासही एकदा ओळखला की विसरत नाही. जळका, उग्र, डोक्यात जाणारा.

खात्री करायची तर पाचसहा किलोमीटर गाडी चालवावी, होता होईल तो ब्रेक कमी वापरावा, आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा. तवा तापला का हे बघताना आपण हात वर धरतो, तवा शिवत नाही, तसेच. पुढची चाके मागच्यांपेक्षा गरम असायचीच, म्हणून तुलना डाव्या-उजव्याची करावी. डावे कोमट आणि उजवे रसरशीत असेल तर दुखणे उजव्यात. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नये. थाळीला तडा जातो किंवा ती वाकडी होते. आपोआप निवू द्यावी.

हे सगळे एवढ्या गांभीर्याने का सांगते, ते घाटाकडे पाहिले म्हणजे कळेल. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशेहून अधिक मीटर खाली येते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १००० किलो धरा. ५०० मीटर उतरताना जी उष्णता निर्माण होते ती गार पाण्याचा पंधरा लिटरचा हंडा उकळवायला पुरेल एवढी असते. इंजिनाने आणि वाऱ्याने तिच्यातला वाटा उचलला नाही तर ती सगळी चार ब्रेकांना पचवावी लागते. आता एक ब्रेक आधीपासूनच चिकटून तापलेला असेल तर काय होईल? त्याची उष्णता दट्ट्यातून ब्रेक ऑइलमध्ये जाते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण या ऑइलला हवेतले पाणी शोषून घेण्याची खोड आहे, पावसाळ्यातल्या मिठासारखी. पुरेसे पाणी शोषले की तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे देत नाही. पायाखालचे पेडल स्पंजासारखे होऊन तळाला टेकते. उतारावर, वळणावर, मागच्या सीटवर पोरे असताना.

म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की, घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि ब्रेक ऑइल साधारणपणे दर दोन वर्षांनी बदला, असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तकांत असते. ते पुस्तक कपाटात पॉलिथिनसकट ठेवण्यासाठी दिलेले नसते.

दुखणे कुठे आहे, हे पॅडच सांगतात. आपल्याच वस्तीतल्या एका भगिनीची हकिकत सांगते. नाव सांगत नाही. त्या डबे पोहोचवतात. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच, आणि गाडी जुनी, दुसऱ्या हाताची. आठ महिन्यांत दोनदा त्यांनी पुढचे पॅड बदलून घेतले. दोन्ही वेळा गॅरेजवाल्याने सांगितले की, "ताई, तुम्ही ब्रेक फार मारता." तिसऱ्यांदा आवाज यायला लागला, तेव्हा आम्ही चाक काढून पाहिले. डाव्या चाकाचा आतला पॅड पार लोखंडापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ कोरा! पिना अडकल्यामुळे सांडशीचा एकच जबडा काम करत होता. दोनदा नवे पॅड बसवले गेले, पण पिना कोणी बाहेर काढून पाहिल्याच नाहीत. एका रविवारी दोन तासांत ते काम झाले. थाळीवर मात्र तोवर खोल चरे पडले होते, ती बदलावी लागली, आणि दर महिन्याच्या हप्त्यातून तेवढे पैसे काढताना त्या बाईंची काय ओढाताण झाली ते मी पाहिले आहे. पॅड एकाच बाजूला झिजलेले दिसले तर पिनांचा संशय घ्यावा. दोन्ही पॅड सारखे पण दुसऱ्या चाकापेक्षा खूपच जास्त झिजलेले असतील तर दट्ट्याचा. एवढे एक वाक्य त्यांना ठाऊक असते, तरी पुष्कळ होते.

आता प्रत्यक्ष काम. जागा सपाट आणि टणक हवी. आपल्या इमारतीच्या फाटकाजवळचा उतार या कामाला मुळीच नको. पुढच्या चाकाचे काम असेल तर हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅक लावून गाडी उचलावी, आणि तिच्याखाली पक्का स्टँड दिल्याशिवाय पुढे हात घालू नये. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग जाता कामा नये, हे मी आज दोनदा सांगते आहे असे समजा.

चाक काढल्यावर जी काळी भुकटी दिसते ती फुंकू नये, झाडू नये. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसाला फार वाईट. ओल्या फडक्याने टिपून फडके टाकून द्यावे. हातमोजे घालावेत. मुलांना त्या वेळी खेळायला दूर पाठवावे.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात, ते या पिनांमध्ये जातात. पुष्कळ गाड्यांत खालचा काढला की कॅलिपर झाकणासारखा वर उघडतो. सबंध काढावा लागलाच तर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा घेऊन वर बांधून ठेवावा. ती नळी आतून तुटली तर बाहेरून दिसत नाही. मग पॅड बाहेर काढावेत, कुठला आतला कुठला बाहेरचा यावर खूण करून. एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे जोडताना शंका आली तर दुसऱ्या चाकाकडे जाऊन पाहता येते. गाळलेल्या टाक्यासाठी दुसरी बाही बघतो ना, तसे.

पिना हाताने पिळत बाहेर ओढाव्यात. चांगली पीन लोण्यासारखी सरकते. अडकलेली असेल तर पान्याने मागेपुढे फिरवत काढावी, हातोडीने ठोकू नये. वरची पीन कोणती, खालची कोणती, हे लक्षात ठेवावे. काही गाड्यांत एकीला रबरी बाही असते, दुसरीला नसते, आणि अदलाबदल झाली की नवे दुखणे. वाळलेले जुने ग्रीस ब्रेक क्लीनरने आणि फडक्याने पुसावे, भोकातलेही. हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसून काढावा. खोल खड्डे पडले असतील तर पीन बदलावी, ती काही फार महाग येत नाही. पिनेवरचे रबरी बूट फाटलेले असेल तर बदललेच पाहिजे, कारण पाणी शिरले ते तिथूनच.

आता वंगण. इथे आपण बायका फसण्याचा संभव आहे, म्हणून थांबून सांगते. घरात शिवणयंत्राचे तेल असते, खोबरेल असते, व्हॅसलीन असते. यातले काहीही इथे चालत नाही. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि पीन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. खोबरेल तापून वाहून जाते. रॉकेल आणि पेट्रोल तर धुण्यापुरतेही नको. ब्रेकच्या पिनांसाठी वेगळे सिलिकोनचे किंवा सिंथेटिक ग्रीस मिळते, तेच आणावे. पातळ थर लावावा, भोक भरून टाकू नये. पीन आत जाताना हवा आणि ग्रीस अडकले तर ती पुन्हा बाहेर ढकलली जाते. बूटाची कड पिनेच्या खाचेत नीट बसली की बोटाने पीन आतबाहेर करून पाहावी. तसेच ज्या पत्र्याच्या क्लिपांत पॅड बसतात, त्यांच्याखालचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा. कित्येकदा पिना मोकळ्या असतात आणि पॅडच तिथे रुतून बसलेले असतात. पॅडच्या तोंडाला आणि थाळीला ग्रीसचा डागही लागू देऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

दट्ट्या पाहायचा तो यानंतर. वर बॉनेटखाली ब्रेक ऑइलची लहान टाकी असते. तिचे झाकण सैल करावे. जुना पॅड दट्ट्यावर ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू दाबावे. दट्ट्या सारखा, सावकाश आत गेला म्हणजे त्याची तब्येत ठीक. आत जाताना ऑइल टाकीत वर चढते, ते सांडू देऊ नये. रंगावर पडले तर रंग उतरतो. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. मागच्या चाकालाही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर तिथला दट्ट्या बहुधा नुसता दाबून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. आणि बटणाने लागणारा विजेचा हँडब्रेक असेल तर त्याला हात लावू नये, कारण त्याची मोटर आधी यंत्राने मागे घ्यावी लागते.

क्लॅम्पनेही दट्ट्या हलला नाही तर एक परीक्षा करावी. कॅलिपरच्या मागे एक बारीक निप्पल असतो. त्यावर नळी चढवून तिचे टोक बाटलीत सोडावे आणि निप्पल किंचित सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि दट्ट्या मोकळा झाला, तर दोष दट्ट्याचा नाही. दाब मागे अडकून राहत होता. बहुधा रबरी नळी आतून सुजली आहे, ऑइल जाऊ देते पण परत येऊ देत नाही. तसे झाले तर गाडी गॅरेजात. निप्पल उघडूनही दट्ट्या हलत नसेल, तर तो गंजला आहे.

गंजलेला दट्ट्या घरी काढता येतो का? येतो. पॅड काढून मध्ये लाकडाचा तुकडा ठेवायचा, आणि दुसऱ्या माणसाने पेडल अगदी हळू दाबायचे, की ऑइलच्या दाबानेच तो बाहेर येतो. पण पहिल्या वेळी हे काम ज्याने पूर्वी केले आहे असे माणूस शेजारी असल्याशिवाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंपाच्या हवेने दट्ट्या उडवण्याच्या नादात बोटे चिरडून घेणारी माणसे असतात. घरी हवेचे नावही नको. बाहेर आलेला दट्ट्या पुसून त्याच्या अंगावरून नख फिरवावे. नख कुठे अडकले तर तो भंगारात द्यावा, घासून गुळगुळीत करू नये. आतली चौकोनी रबरी चकती काढायला स्क्रूड्रायव्हर वापरला तर खाचेला ओरखडा पडतो. प्लॅस्टिकची विणकामाची सुई यासाठी नामी. किटमधली नवी चकती ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवावी, आणि दट्ट्या अंगठ्यांनी सरळ आत घालावा. तिरका गेला तर बाहेर काढून पुन्हा घालावा. ठोकायचा नाही.

ऑइलचा मार्ग उघडला की हवा आत शिरते, ती काढावी लागते. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निप्पल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायचे, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. "दाब", "धर", "सोड", हे तीन शब्द ठरवून घ्यावेत. या कामासाठी घरातले भांडखोर माणूस निवडू नये. टाकीतले ऑइल मध्येच संपू देऊ नये, आणि पुस्तकात डॉट ३ लिहिले आहे की डॉट ४ ते पाहून सीलबंद डबाच आणावा. डॉट ५ हे सिलिकोनचे वेगळेच द्रव्य आहे, ते यांच्यात मिसळत नाही. निघालेले ऑइल विषारी असते. ते सरबताच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवू नये, मोरीतही ओतू नये. नाव लिहून गॅरेजात नेऊन द्यावे.

सगळे जोडून झाले, बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने आवळले, चाक बसवून नट समोरासमोरच्या जोड्यांनी घट्ट केले. आता गाडी सुरू करून निघायचे? मुळीच नाही. दट्ट्या मागे ढकललेला आहे, त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबले की ते सरळ तळाला जाते. गाडी जागेवर असतानाच पाचसहा वेळा दाबून पेडल दगडासारखे घट्ट होईपर्यंत थांबावे. हे न करता गाडी मागे घेतली की भिंतीवरच जाऊन थांबते. मग गल्लीतच चालण्याच्या वेगाने दोनचारदा ब्रेक दाबून पाहावा, पाच किलोमीटर फिरून यावे, पुन्हा चाकाजवळ हात धरून पाहावा आणि नट पुन्हा एकदा तपासावेत. पॅड बदलले असतील तर पुढच्या दोन्ही चाकांचे जोडीनेच बदलावेत. एकाचे नवे, एकाचे जुने ठेवले की गाडी पुन्हा ओढणार.

तेव्हा मी रेघ ओढते ती अशी. पिना आणि क्लिपा घरी. दट्ट्या जाणत्या माणसाच्या संगतीत. नळी, मास्टर सिलिंडर, एबीएस आणि विजेचा हँडब्रेक गॅरेजात. आणि ज्यांना यातले काहीच हाताने करायचे नाही, त्यांनीही गॅरेजात चार प्रश्न विचारावेत: आतला आणि बाहेरचा पॅड मला शेजारी ठेवून दाखवा, पिना बाहेर काढल्या का, ऑइल शेवटचे कधी बदलले, काढलेले जुने सामान माझ्या डिकीत ठेवा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो हौसेने दाखवतो. ज्याला राग येतो त्याच्याविषयी मग आपण आपले मत बनवावे.

आपल्याकडे हे दुखणे जास्त का, याचे कारण उघड आहे. चार महिने पाऊस, आणि कोकणपट्टीला खारी हवा. त्यात गाडी एका जागी उभी राहिली की गंजाला निवांतपणा मिळतो. २०२० साली टाळेबंदीत गाड्या महिनोन्‌महिने हलल्या नाहीत, आणि पहिल्यांदा बाहेर काढल्या तेव्हा कित्येकांची चाके जागची हलेनात, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. गावाला महिनाभर जायचे असेल तर सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. पावसात ओढलेला हँडब्रेक ड्रमला चिकटून बसतो. किल्ली शेजारी ठेवून जावी आणि आठवड्याने कोणी तरी गाडी चार पावले पुढेमागे करील असे पाहावे. पावसाळा संपला की, दसऱ्याच्या आधी, गाडी धुतो त्याच वेळी एकदा पिना तपासून घ्याव्यात. गाडीला झेंडूचा हार घालतो, तेव्हा चाकाच्या आतही एकदा बघायला हरकत नाही.

भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतून प्रश्न आला की, आता विजेच्या गाड्या आल्या, त्यांना ही कटकट नसेल ना? प्रश्न चांगला होता, म्हणून त्याचे उत्तर इथेही देते. विजेच्या गाडीत पाय उचलताच मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि त्यातून बॅटरीत थोडी वीज परत भरते. त्यामुळे पॅड पुष्कळ वर्षे टिकतात, हे खरे. पण ब्रेक कमी वापरला जातो म्हणून थाळीवरचा गंज घासला जात नाही, पिना हलत नाहीत, आणि न वापरल्यामुळेच कॅलिपर अडकण्याची भीती तिथे जास्त असते. ज्यांच्याकडे तशी गाडी आहे त्यांनी आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही असे पाहून, मोकळ्या रस्त्यावर पाचसहा वेळा जरा जोराने ब्रेक दाबावा. काही गाड्यांत मोटरचा तो रोध कमी करण्याची सोय असते; तेव्हा ती वापरावी, म्हणजे पॅड खरोखर थाळीला लागतात. आणि वर्षातून एकदा चाक काढून पिना पाहाव्यातच.